जुईची बी-सहाची गोळी

मी माईकवर बोलणारी बाई आहे. छावणीपासून बिडकीनपर्यंत कुठंही एखादी गरोदर मुलगी फुलांच्या झोपाळ्यावर बसलेली असेल आणि तिच्या शेजारी एक जाडजूड बाई हातवारे करून हॉलभर बायकांना हसवत असेल, तर ती मीच, छाया, असं खुशाल समजा. मला लोक बोलायला बोलावतात. गप्प बसायला आजवर कुणी बोलावलेलं नाही.

ही गोष्ट मात्र मी माईकवर कधी सांगितली नाही. ज्यांना ती ऐकायची गरज आहे ते हॉलमध्ये नसतात. ते एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेर स्टीलच्या खुर्च्यांवर बसलेले असतात आणि त्यांना हसवायला कुणी येत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांना शेवट आधी हवा असणार, मलाही हवा होता. तर एवढंच सांगते की हे लिहिताना मी रडत नाहीये. पुढचं हवं असेल तर माझ्याबरोबर यावं लागेल.

वाटीतला चमचा

आमची सून ऋतुजा ही माझी भाचीच. माझा थोरला भाऊ भास्करदादा पाचोडला असतो, त्याची मुलगी. आमच्यात मामाची पोरगी आत्याच्या घरी सून म्हणून येते, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. ऋतुजा आणि माझा प्रशांत लहानपणी एकमेकांना ढेकळं मारायचे, मोठेपणी एकमेकांकडं बघून लाजायला लागले, आणि लग्नात दादानं आणि मी असा आव आणला की ही कल्पना मुळात आमचीच.

तिच्या डोहाळजेवणाला मी काय करू आणि काय नको, असं झालं होतं. घरचंच कार्य, माईक माझाच, तक्रार करणारं कुणी नाही! पेढा-बर्फीचा खेळ झाला, उखाणे झाले. मग मी माझा हुकमी एक्का काढला. त्याचं असं होतं की शेवटच्या महिन्यांत ऋतुजाच्या पोटात एक गंमत चालायची. इतर बाळं कशीही लाथा मारतात, एक इकडं, एक तिकडं. हे बाळ ठेका धरायचं. एकसारखा, न चुकता, बराच वेळ. ठेका सुरू झाला तसं मी तिच्या पोटावर स्टीलची वाटी ठेवली, वाटीत चमचा टाकला आणि माईक खाली नेला.

टक, टक, टक, टक.

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "ढोलपथकात नाव घालून ठेवा गं पोराचं!" मी ओरडले. ऋतुजा पोट धरून म्हणाली, "आत्या, पुरे, हसून दुखायलंय." कुणीतरी माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ काढला. पुढं महिनाभर तो मी येईल त्याला दाखवला, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

दुसरी दुपार

जुई जन्मली तेव्हा चांगली खणखणीत रडली. आवाज माझ्यावर गेलाय, असं मी प्रसूतिगृहात सगळ्यांना सांगून आले.

दुसऱ्या दुपारी ती माझ्या मांडीवर होती. ओठ चोखायला लागली. मला वाटलं भूक. ऋतुजानं छातीशी धरलं, पण ती तोंड लावेना, ओठ मात्र चालूच. मग डोळे एका बाजूला वळले आणि तिथंच थांबले. मग पाय हलायला लागले, सायकल मारल्यासारखे. माझं तोंड कसलं गप्प बसतंय! "बघा, सायकलवर निघाली बाई!" मी म्हणाले. वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरनं तिला माझ्या मांडीवरून उचललं होतं आणि ती धावत होती.

मी मांडी तशीच ठेवून बसून राहिले. आत कुणी नाही, तरी मांडी घातलेली.

संध्याकाळपर्यंत आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. जुई काचेच्या पेटीत, नाकात नळी, डोक्याला तारा. ऋतुजा दुसऱ्या इमारतीत, टाके ओले. प्रशांत दोन्ही इमारतींमधल्या रस्त्यावर नुसता ये-जा करणारा. आणि मी बाहेरच्या खुर्चीवर, चपला दारात काढून, पाय जमिनीला न लावता.

"झटके आहेत," मेंदूच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. "औषध सुरू केलंय."

औषध दिलं की जुई थोडा वेळ निपचित पडायची. मग पुन्हा ओठ, पुन्हा डोळे, पुन्हा पाय. दुसरं औषध आलं. मग दुसऱ्यावर तिसरं. दर वेळी दार उघडलं की शिपाई विचारायचा, "बेबी ऑफ ऋतुजा, कोण आहे?" आणि आम्ही सगळे एकदम उठायचो. माणसं इतक्या पटकन उठलेली मी पंगतीतसुद्धा पाहिली नाहीत.

शेजारच्या खुर्चीवर शाहीनबाजी असायच्या. त्यांचा नातू सातव्या महिन्यात झालेला, आत वजन वाढायची वाट बघत होता. त्या थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून द्यायच्या. पहिल्या दिवशी मी नको म्हणाले. "पियो आपा," त्या म्हणाल्या, "रोनेकू भी ताकत होना." मी प्याले. मी आयुष्यभर लोकांना धीर दिलाय असं मला वाटत होतं. खरा धीर असा थर्मासच्या झाकणात मावतो हे मला माहीत नव्हतं.

नाकं बघा

तिसरं औषधही चालेना तेव्हा डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. प्रशांत, मी आणि पाचोडहून आलेला दादा. ऋतुजाला चाकाच्या खुर्चीवर आणलं होतं.

"लग्न नात्यातलं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"तसं लांबचं," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. तिथं स्तनपानाचं पोस्टर होतं, म्हणजे किती अडचणीत आला होता ते बघा.

"मॅडम," मी म्हणाले, "हा माझा सख्खा भाऊ. मुलगी याची, मुलगा माझा. खोटं वाटत असेल तर दोघांची नाकं बघा."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. मॅडमनी मात्र खरोखरच आमच्या नाकांकडं बघितलं आणि ऋतुजाकडं वळल्या. "पोटात असताना बाळाची हालचाल कशी होती?"

"चांगली होती," ऋतुजा म्हणाली. "लई हलायची."

"वेगळं काही? एकसारखं? बराच वेळ चालणारं?"

ऋतुजानं नाही म्हणायला मान हलवायला घेतली आणि मधेच तिची मान थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईल काढला. बोटं ओली होती, तो उघडेना. प्रशांतनं उघडून दिला.

त्या छोट्या खोलीत आमचं डोहाळजेवण लागलं. माझा आवाज, बायकांचं हसणं, वाटीतला चमचा. टक, टक, टक, टक. "ढोलपथकात नाव घालून ठेवा गं!" सगळा हॉल हसतोय आणि ती बारीकशी बाई अजिबात हसत नाहीये. माझ्या आयुष्यात इतका शांत श्रोता मला कधी मिळाला नव्हता. तिनं आवाज बंद केला आणि पुन्हा लावला. आता नुसता चमचा उडताना दिसत होता.

"हे रोज व्हायचं?"

"व्हय," ऋतुजा म्हणाली. "कधीकधी दिवसातनं दोन-तीनदा. मॅडम, ते काय होतं?"

मॅडमनी मोबाईल उलटा ठेवला. "झटके पोटातच सुरू झाले असतील. आत्ता खात्रीनं नाही सांगता येत. पण आणखी एक गोष्ट करून बघायची आहे, आणि ती आत्ताच."

ती गोष्ट म्हणजे एक जीवनसत्त्व. बी-सहा. दादानं लगेच विचारलं, "म्हणजे ताकदीचं इंजेक्शन?" तिन्ही औषधं हरली आणि आता ताकदीचं इंजेक्शन! त्याच्या आवाजात जो संशय होता तोच माझ्या पोटात होता, फक्त त्यानं तो बाहेर काढला.

ते इंजेक्शन नुसतं, दुसरं काही न मिसळलेलं, लगेच हाताशी नव्हतं. मॅडमनी दोन-चार ठिकाणी फोन केले आणि आमचे हे स्कूटर घेऊन आणायला गेले. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही. त्या दिवशी किती तोडले ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

काचेपलीकडं

इंजेक्शन देताना आईबापांनी काचेतून बघितलं तर चालेल, असं मॅडम म्हणाल्या. आईबापांमध्ये मीही घुसले. सिस्टरनं बघितलं, मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं विषय सोडला.

मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "कधीकधी पहिल्या डोसला बाळ श्वास घ्यायला विसरतं. आम्ही तयार आहोत. घाबरून काच वाजवू नका." हे शेवटचं त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

जुईचे पाय चालू होते. शेजारच्या पडद्यावर तिच्या मेंदूच्या रेघा धावत होत्या, उंच, टोकदार, दाटीवाटीच्या. एक सिस्टर रबरी फुगा आणि मास्क हातात धरून उभी होती. मॅडमनी सिरिंज सलाईनच्या नळीला लावली. हळूहळू दाबली.

काही नाही. पाय चालूच.

प्रशांतनं माझा दंड धरला होता. ऋतुजा पुटपुटत होती, देवाचं नाव होतं की शिवी, मला कळलं नाही, दोन्हीही चाललं असतं.

मग पाय थांबले. ओठ थांबले. पडद्यावरच्या रेघा बुटक्या झाल्या, लांब लांब झाल्या, आणि छातीही थांबली. सिस्टरनं मास्क लावला, फुगा दाबला, सोडला. दाबला, सोडला. मी काच वाजवली नाही. मी माझंच तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, इतकं की नंतर गालावर बांगड्यांचे वण उठले.

जुईनं एक मोठा श्वास घेतला. चिडल्यासारखा. मग रडली.

मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या, आम्ही मॅडमकडं. बऱ्याच वेळानं त्यांनी काचेकडं तोंड केलं आणि तळहात खाली करून हवेत थोपटल्यासारखं केलं. शांत. झोपलीय.

बाहेर येऊन मी शाहीनबाजींच्या गळ्यात पडले. त्यांनी आधी थर्मास खाली ठेवला. माझं नाक त्यांच्या दुपट्ट्याला पुसलं गेलं, तेही त्यांनी चालवून घेतलं.

पंगत आणि पत्रावळी

जनुकांची तपासणी करायला रक्त बाहेर पाठवलं होतं. निकाल आला तेव्हा मॅडमनी दादासकट आम्हाला कागदावर चित्रं काढून समजावलं. मी घरी येऊन ते सगळ्यांना माझ्या पद्धतीनं समजावलं, तसंच इथं सांगते. डॉक्टर लोकांनी वाचलं तर डोळे मिटून घ्यावेत.

शरीरात रोज पंगत बसते. डाळ, दूध, अंडं, जे खातो त्यातली प्रथिनं पानात वाढली जातात. जेवणं झाली की उष्ट्या पत्रावळी उचलणारा माणूस लागतो. ही उष्टी म्हणजे अल्डिहाइड नावाचा एक मधलाच पदार्थ, आणि उचलणारा म्हणजे एक एन्झाइम. जुईच्या शरीरात हा माणूस कामावर आलेलाच नाही. पत्रावळींचा ढीग साचतो. ढीग नुसता साचला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण तो ढीग वाढप्याचाच हात धरून ठेवतो. वाढपी म्हणजे बी-सहा. वाढपी अडकला की मेंदू उपाशी, आणि उपाशी मेंदू ताटं आपटायला लागतो. तेच झटके.

मग करायचं काय? उचलणारा आणता येत नाही. म्हणून वाढप्यांचीच फौज, म्हणजे बी-सहाची गोळी, रोज पाठवायची. ढिगानं कितीही धरून ठेवले तरी चार जण पुढं पोचतात. शिवाय पंगत थोडी आवरती घ्यायची, म्हणजे डाळ-दुधाचंही माप. रोज, आयुष्यभर.

आणि हा उचलणारा का नाही? कारण त्याला बोलावण्याचा मजकूर आईकडून एक आणि बापाकडून एक असा मिळतो. ऋतुजाकडं एक चांगला, एक बिघडलेला. प्रशांतकडंही तसंच. दोघांना काही त्रास नाही. जुईला मात्र दोन्ही बिघडलेलेच आले.

हे ऐकून दादा उठून उभा राहिला. "आमच्या रक्तात असलं काय नाय," तो म्हणाला. "आमच्याकडं शंभर माणसं हायत, एकाला फिट नाय."

"दादा, रक्त तर आपलं एकच आहे," मी म्हणाले.

"तुझ्या सासरकडनं आलं असंल."

आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या घरात आणि माहेरात बोलणं मोजून व्हायला लागलं. फोनवर दादा एवढंच विचारायचा, "पोरगी खेळती का?" गोळीचं नाव नाही. ऋतुजा मधल्या मधे चुरगळत होती. बापाशी बोलून झालं की ती गोळ्यांची पट्टी कपाटात मागं सरकवायची. मी ती पुढं आणायची. आम्ही दोघी याबद्दल एक शब्द बोललो नाही, आणि मी किती बोलते ते तुम्हाला आता कळलंच आहे.

जुई मात्र वाढत होती. मान धरली, पालथी पडली, थोडी उशिरा, पण पडली. पालथी पडल्यावर स्वतःच एवढी दचकली की मी दिवसभर तिची नक्कल करत होते.

जावळ

जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणजे पाचोडलाच. ऋतुजा आधी गेली, मी कार्याच्या सकाळी गेले. दादानं मांडव घातला होता, सगळी भावकी बोलावली होती. माझ्यासाठी माईकही ठेवला होता. हा समेटाचा प्रयत्न होता, मी ओळखलं आणि मनातून विरघळले.

जुई तिच्या मामाच्या, म्हणजे ऋतुजाच्या भावाच्या, मांडीवर बसली. गावातले कटिंगवाले काका वस्तरा पाण्यात बुडवून आले. मी माईकवर दोन वाक्यं टाकली, लोक हसले. अर्धं डोकं झालं. आणि काकांनी हात थांबवला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पोरीचं डोळं बघा."

डोळे एका बाजूला. पापण्या एकसारख्या फडफडताहेत. मग उजवा हात त्याच तालावर उडायला लागला.

मांडवात एकदम कल्ला झाला. "फिट आली! कांदा फोडा!" "चप्पल हुंगवा आधी!" "किल्ल्या द्या हातात, लोखंड द्या!" एक म्हातारी खरोखरच चप्पल घेऊन पुढं आली.

माझ्या हातात माईक होता. "सगळे मागं व्हा!" मी ओरडले. "पोरीच्या तोंडाला कुणी हात लावला तर याद राखा! मावशे, चप्पल खाली ठेव!"

सगळे मागं झाले. मावशीनं चप्पल पायात घातली.

जुईला कुशीवर वळवलं. पर्समधून झटका थांबवायचा, नाकात मारायचा फवारा काढला. मॅडमनी दोन्ही घरांत एकेक ठेवायला सांगितलं होतं, माझा माझ्याजवळच असायचा. नाकपुडीत दाबला, बसला. प्रशांत बिडकीनला कामावर होता, त्याला फोन लावला, मॅडमना फोन लावला. "तोंडावाटे काही देऊ नका," त्या म्हणाल्या. "घेऊन निघा. गोळी शेवटची कधी दिली?"

दादानं गाडी काढली होती. मी मागं, जुई मांडीवर, शेजारी ऋतुजा. फोन माझ्या कानाला. मी विचारलं, "ऋतू, गोळी सकाळी दिलीस ना?"

ऋतुजा माझ्याकडं बघेना. ती पुढच्या सीटवरच्या बापाच्या मानेकडं बघत होती.

"परवापासनं नाय, आत्या."

दादाची मान हलली नाही. गाडीचा वेग वाढला. फोनमधून मॅडम म्हणाल्या, "लवकर या."

वाटेतल्या आडूळ गावापर्यंत झटका थांबला होता. आडूळ सोडलं आणि जुईचा हात पुन्हा उडायला लागला. मी तिच्या कानाशी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. दादा एकदाच बोलला, समोर बघत: "छाये, श्वास हाय ना गं?" "हाय," मी म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि मी दर थोड्या वेळानं न विचारता "हाय, हाय" म्हणत राहिले.

दवाखान्याच्या दारात मॅडम स्वतः उभ्या होत्या. पुन्हा नळी, पुन्हा सुई, पुन्हा काचेपलीकडचा पडदा. या वेळी रेघा लगेच खाली आल्या नाहीत. बराच वेळ आल्या नाहीत. नंतर आल्या.

जे आत्ता खुर्चीवर बसलेले आहेत, त्यांच्याशी इथं एक मिनिट बोलते. प्रत्येक झटका या आजाराचा नसतो आणि ही गोळी प्रत्येकाचं औषध नाही, तेव्हा माझं वाचून कुणी दुकानात धावू नका. पण डॉक्टरांनी विचारलं तर सगळं सांगा. नातं सांगा, पोटातली हालचाल सांगा, हसण्यावारी नेलेलंही सांगा. आणि जी गोळी चालू आहे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही थांबवू नका, मग ती दुकानात कितीही साधी दिसो.

दुसरी सकाळ

सकाळी जुई जागी झाली. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर केसांचं जंगल, बघणाऱ्याला हसू यावं अशी. मला आलं आणि मी ते दाबलं नाही. प्रशांत मात्र ऋतुजावर भडकला होता. "तुला सांगितलेलं कळत नाय का? एक गोळी, एक! तेवढी देता येत नाय?" ती भिंतीला टेकून उभी.

मॅडम आत आल्या. पाठीमागं दादा, रात्रभर बाहेरच बसलेला, पांढऱ्या शर्टाचा चोळामोळा झालेला.

"गोळी कुणी थांबवली?" मॅडमनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू.

"मी विसरले," ऋतुजा म्हणाली.

हे खोटं होतं आणि ते तिच्या अंगावर राहणार होतं, नवऱ्याच्या मनात, सगळ्या भावकीच्या तोंडात. मी पुढं सरकले. माझ्याजवळ त्याहून चांगलं खोटं तयार होतं, पट्टी माझ्याच पर्समध्ये राहिली वगैरे, अभिनयासकट. मी तोंड उघडलं.

"मी," दादा म्हणाला.

मी तोंड मिटलं.

"मी सांगितलं बंद कर म्हणून. भावकी येणार होती. लोक विचारतात, कसली गोळी, कशापायी." त्यानं शर्टाची बाही ओढली. "पोरगी चांगली खेळत होती. म्हटलं ताकदीचीच हाय. दोन दिवसांनी काय व्हतंय."

प्रशांत ऋतुजाकडं बघत होता, ती बापाकडं.

मॅडम त्याच्यावर रागावल्या नाहीत. टेबलावरची पट्टी उचलली, एक गोळी काढली, चमचा आणि पाण्याची वाटी त्याच्यासमोर ठेवली. "आता हिच्या तोंडावाटे सुरू करायचीय. तुम्ही द्या."

"मी?"

"तुम्हीच. माझ्यासमोर."

दादानं गोळी कुस्करली. मोठाली शेतकरी बोटं, त्यात ती गोळी दिसतही नव्हती. पाण्यात कालवली. चमचा जुईच्या ओठांना लावला. जुईनं चव घेतली, विचार केला आणि सगळं त्याच्या पांढऱ्या शर्टावर थुंकून दिलं. पिवळट डाग पडला.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या आणि दुसरी गोळी काढून दिली.

या वेळी त्यानं तिला हातावर आडवं घेतलं, थोडं थोडं गालाच्या कडेनं सोडलं आणि तिचा गळा हलेपर्यंत बोट हनुवटीवरून काढलं नाही. गिळली. तो तसाच उभा राहिला, परत बाहेर येते की काय या भीतीनं.

"आता परत कवा?"

"संध्याकाळी."

"मग?"

"मग उद्या. मग रोज, काका."

दादानं मान हलवली. जुईला घेऊनच खुर्चीत बसला, तिच्या अर्ध्या डोक्यावर हात ठेवला आणि मॅडमकडं बघून म्हणाला, "तुमी मागं कागदावर काढून सांगितलं व्हतं. मी नीट ऐकलं नव्हतं. आता पहिल्यापासनं सांगा. छायाकडनं आन् माझ्याकडनं, आमच्या दोघांकडनं, काय आलंय पोरीत?"